नव्या नौकेचे नामकरण आणि पहिली मासेमारी एकाच रात्री नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदाचा मासेमारी हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर अलिबाग तालुक्यातील एका नव्या नौकेच्या नामकरणाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधलेले केळीचे खांब, झेंडूच्या माळा, रंगीत निशाणे आणि पुढे ओटीचे ताट घेऊन उभ्या राहिलेल्या घरच्या बायका, असे ते देखणे छायाचित्र होते. ज्या कुटुंबाची ती नौका आहे, त्यांच्या आनंदात आम्ही शेजारच्या कोळीवाड्यातील सारेच सहभागी आहोत. छायाचित्राखालच्या ओळीत मात्र ‘नामकरणानंतर अवघ्या काही तासांत नौका खोल समुद्रात मासेमारीसाठी रवाना झाली’ असे कौतुकाने लिहिले होते, आणि हे पत्र त्या ओळीसाठी आहे. त्या एका कुटुंबावर टीका करण्याचा यात हेतू नाही, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या किनाऱ्यावर बहुतेक नव्या नौका अशाच निघू लागल्या आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, नव्या नौकेला नाव ठेवण्याचा दिवस आणि तिची जाळी पहिल्यांदा पाण्यात पडण्याचा दिवस यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर असलेच पाहिजे, आणि त्या अंतरात तिची निदान एक फेरी जाळ्यांविना, बर्फाविना, किनारा नजरेत ठेवून झाली पाहिजे. आमच्या वाडवडिलांच्या वेळी हे रीत म्हणून होत असे. आज रीत सुटली आहे, तेव्हा ते नियम म्हणून व्हावे.

मी नाखव्याच्या, म्हणजे बोटीच्या मालकाच्या, घरात सून म्हणून आले तेव्हा आमच्याकडे सागाच्या फळ्यांची आणि बाभळीच्या वाकांची (बाकदार फासळ्यांची) लाकडी बोट होती. पुढे माझ्या सासऱ्यांनी दुसरी बोट बांधायला काढली, तेव्हा पठाण (बोटीचा तळाचा कणा) मांडल्यापासून ती पाण्यात लोटेपर्यंतचा सगळा काळ मी जवळून पाहिला. पावसाच्या आधी सुताराचे काम आटोपले, झावळ्यांच्या मांडवाखाली बोट झाकून ठेवली गेली आणि नारळी पौर्णिमेच्या उधाणावर ती पाण्यात लोटायचे ठरले. पौर्णिमेचा मुहूर्त केवळ पंचांगातला नव्हता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीचे पाणी सर्वांत वर चढते, त्यामुळे जड बोट ओंडक्यांवरून ओढत न्यावी लागणारे अंतर कमी होते, आणि वाड्यातली माणसे सणानिमित्त घरी असल्यामुळे दोर ओढायला हातही मिळतात. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीच्या, पाण्यावर तीच बोट लोटायची म्हटली तर अर्धा दिवस चिखलात जातो.

नाव ठेवण्याचा मान आमच्या घरी आत्याबाईंचा असतो. पाळण्यातल्या मुलाच्या कानात नाव सांगणारी जशी आत्या, तशीच बोटीचे नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारणारीही आत्याच. नाळेला हळद-कुंकू लावायचे, खणानारळाने ओटी भरायची, नारळ वाढवायचा आणि नाव घ्यायचे, एवढाच तो विधी. वसईकडच्या कोळीवाड्यांत धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडून नौकेला आशीर्वाद देतात, रत्नागिरीकडचे दालदी मुस्लिम बांधव दुवा मागतात, मालवणकडचे गाबीत आपल्या ग्रामदैवताला गाऱ्हाणे घालतात. विधी निरनिराळे असले तरी नव्या नौकेला देवाच्या आणि गावाच्या ओळखीची करून मगच दर्यात सोडायचे, ही भावना सगळीकडे सारखीच आहे.

परंतु त्या दिवशी बोट कुठेही गेली नाही, हे आजच्या तरुण नाखव्यांना सांगावेसे वाटते. ती खाडीत नांगरावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे फाळका (डेकची सुटी फळी) उचलून तिच्या पोटात उतरले, तेव्हा आत घोट्याएवढे पाणी होते. मी घाबरले, ते मात्र निवांत होते. नव्या लाकडी बोटीच्या फळ्या कोरड्या असतात, सांध्यांत ठोकलेला राळेचा कापूस घट्ट बसलेला असला तरी लाकडाने पाणी पिऊन फुगल्याशिवाय सांधे पुरते मिटत नाहीत. सासऱ्यांच्या हातात खडूचा तुकडा होता. जिथे फळीवरून पाण्याची बारीक रेघ उतरताना दिसे, तिथे ते खूण करीत, पाणी उपसून काढीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुणा तपासायला उतरत. जी रेघ सुकली तिची खूण अंगठ्याने पुसायची आणि जी सुकली नाही तिच्यासाठी सुताराला बोलवायचे, हा त्यांचा हिशेब होता. सगळ्या खुणा पुसल्या गेल्याशिवाय बोट खाडीबाहेर काढायची नाही, हे त्यांनी तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, बजावून ठेवले होते, आणि घरात पैशाची ओढाताण असूनही त्यावर कोणी ब्र काढला नाही.

यावर कोणी म्हणेल की आता बोटी फायबरच्या आहेत, त्यांना फुगायला लाकूडच नाही, मग थांबायचे कशासाठी? हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. फायबरच्या बोटीला सांधे नसतात, पण इंजिन, पंखा आणि त्या दोघांना जोडणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, तर असतोच. बोट जमिनीवर टेकूंवर उभी असताना इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत बसवलेले असतात. ती पाण्यावर तरंगू लागली की तिच्या अंगावरचा भार वेगळ्या रीतीने वाटला जातो आणि ती रेषा किंचित हलू शकते. म्हणून कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्ट यांच्या जोडाचे) बोल्ट पाण्यात उतरल्यानंतर पुन्हा तपासावे लागतात, हे कोणताही जाणता मिस्त्री सांगेल. शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लॅण्डमधले पॅकिंग सुरुवातीला बसायचे असते. ते फार आवळले तर तापते आणि सैल राहिले तर आत पाणी येते. डिझेलच्या टाकीत कारखान्यातला भुसा आणि फायबरचा कीस राहिलेला असतो, तो पहिल्या हलण्याबरोबर फिल्टरमध्ये जमतो आणि इंजिन गुदमरते. यांतली एकही गोष्ट पूजेच्या मांडवात कळत नाही आणि किनाऱ्यापासून फार दूर गेल्यावर कळून उपयोग नाही. या साऱ्यासाठी एक-दोन तास इंजिनवर चालवून परत आणलेली बोट हवी.

आमच्याकडे ही परतीची फेरी खांदेरीची असे. थळच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरवर खांदेरीचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांच्या आरमाराने अडवूनही काम थांबले नाही, ही कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. २०२५ पासून तर जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये त्याची गणना होऊ लागली आहे. आम्हा कोळ्यांना मात्र त्याच्या आधीपासून तो माहीत आहे तो तिथल्या वेताळदेवामुळे. नवी बोट पहिल्यांदा खाडीबाहेर पडते ती वेताळाला नारळ द्यायला, अशी आमच्या घराची रीत आहे, आणि देवदर्शनाच्या त्या फेरीत बोटीची सगळी परीक्षा होऊन जाते.

त्या फेरीत जाळी नसत. घरातल्या बायका, मुले, म्हातारी माणसे असत, एरवी त्यांना बोटीवर जागा कुठली! पण ती माणसे नुसती हौसेने नेलेली नसत. खांदेरी आणि किनारा यांच्यामधल्या मोकळ्या पाण्यात सासरे इंजिन मंद करायला लावीत आणि सगळ्यांना एका अंगाला उभे राहायला सांगत. बोट किती कलते आणि माणसे मध्ये आली की किती लवकर सरळ होते, हे ते डोलकाठीकडे पाहून जोखीत. मग सुकाणू एका बाजूला पुरते वळवून वर्तुळ, मग दुसऱ्या बाजूला, मग इंजिन उलटे फिरवून बोट थांबवणे आणि शेवटी नांगर टाकून तो जमीन धरतो की घसरतो ते पाहणे, असे सगळे यथासांग चाले. मुलांना तो खेळ वाटे. माझ्या धाकट्या नणंदेला बोट लागून मळमळू लागले, तेव्हा सासूबाईंनी तिला आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहायची आपली पाळी चुकू दिली नाही. खांदेरीच्या आसपास खडक आहेत, त्यामुळे ओहोटी लागण्याआधी परतायचे, हेही ठरलेले असे. परतल्यावर बोट पुन्हा एकदा आतून तपासली जाई आणि मगच जाळी चढत. पहिल्या खेपेचे म्हावरे विकायचे नाही, आधी देवाचा वाटा, मग वाड्यातल्या प्रत्येक घरी थोडे थोडे, हा त्याच्या पुढचा भाग.

आता ही घडी का विसकटली, ते पाहावे. पूर्वी महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. म्हणजे सरकारच्या कागदातही नारळी पौर्णिमेला जागा होती. पुढे पश्चिम किनाऱ्यावरील सर्व राज्यांसाठी १ जून ते ३१ जुलै असा एकसारखा ६१ दिवसांचा काळ ठरला. माशांच्या प्रजननाच्या दृष्टीने आणि शेजारच्या राज्यांच्या नौकांशी बरोबरी राखण्याच्या दृष्टीने एकसारखी तारीख सोयीची आहे, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे १ ऑगस्ट ही शर्यतीची शिट्टी झाली. ३१ जुलैच्या मध्यरात्री बंदरात बोटी इंजिन तापवून उभ्या असतात. नारळी पौर्णिमा कधी ८ ऑगस्टला येते, जशी २०२५ मध्ये आली; कधी १९ ऑगस्टला, जशी २०२४ मध्ये होती; आणि अधिक श्रावण पडला की पार ३० ऑगस्टपर्यंत जाते, जसे २०२३ मध्ये झाले. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या नाखव्याने महिनाभर बोट नांगरून ठेवावी, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने त्याचा एक हप्ता तरी आपल्या खिशातून भरून पाहावा.

घाईमागचे अर्थकारण मला घरात राहून कळते. दोन महिने बाजारात ताजे म्हावरे नसते, त्यामुळे पहिल्या दिवसांत जो माल येईल त्याला भाव मिळतो. हंगामाच्या आरंभी कोळंबी भरपूर मिळते. खलाशी आता गावातले राहिलेले नाहीत. गुहागर-दापोलीकडचे, परप्रांतातले, नेपाळमधले लोक आगाऊ उचल घेऊन आलेले असतात आणि त्यांना बसवून ठेवले तरी खाणे-पिणे द्यावे लागते. नवी बोट असेल तर तिचे कर्ज बोटीच्याही आधी पाण्यात उतरलेले असते. हे सगळे खरे असले, तरी मी मागते आहे तो हंगामातला एक दिवस आणि थोडे डिझेल. नामकरणाच्या रात्री जो खर्च डीजेवर, पाहुण्यांच्या फलकांवर आणि फटाक्यांवर होतो, त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. नामकरण दणक्यात करण्याला माझा विरोध नाही. कुटुंबाच्या दोन पिढ्यांची पुंजी ज्या नौकेत गेली, तिचे कौतुक करायचे नाही तर कशाचे? विरोध आहे तो त्याच रात्री, त्याच जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी, तपासणी न झालेली बोट भरून नेण्याला.

मागे एका हंगामात आमच्या किनाऱ्यावर नेमके असेच घडले. गावाचे किंवा कोणाचे नाव घेत नाही. नामकरण संध्याकाळी झाले, जेवणावळ उठली आणि मध्यरात्री नवी फायबरची बोट बर्फ, डिझेल, जाळी आणि खलाशी घेऊन निघाली. पहाटे ग्लॅण्डमधून पाणी येऊ लागले. पाणी उपसायचा पंप ज्या इंजिनवर चालत होता, ते इंजिनच फिल्टर तुंबून बंद पडले. वायरलेस संच बसवलेला होता, पण तो कधी लावून पाहिला नव्हता. जीवरक्षक जॅकेटे दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, किमतीच्या चिठ्ठीसह, केबिनच्या बाकाखाली दोरांच्या गुंडाळ्यांमागे होती. खलाशी बादल्यांनी पाणी काढत राहिले आणि उजाडल्यावर दुसऱ्या गावच्या एका बोटीने त्यांना पाहिले, म्हणून ओढून आणता आले. सगळे वाचले, बर्फ वितळला, बोटीचे इंजिन उतरवावे लागले आणि ज्या हंगामासाठी घाई केली त्यातले कितीतरी दिवस ती बोट किनाऱ्यावरच पडून राहिली. यातला प्रत्येक दोष खांदेरीच्या फेरीत दुपारच्या उजेडात सापडला असता.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत नाव आणि पहिली कामगिरी यांच्यातले अंतर जगभर पाळले जाते. आपल्या नौदलाच्या ‘विक्रांत’चे जलावतरण कोचीत ऑगस्ट २०१३ मध्ये झाले, ते प्रथेप्रमाणे एका महिलेच्या हस्ते. ती पहिल्या सागरी चाचणीसाठी बाहेर पडली ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि नौदलात दाखल झाली २ सप्टेंबर २०२२ रोजी. विमानवाहू जहाजाशी आमच्या बोटीची तुलना होऊ शकत नाही, हे कोणीही सांगेल, पण क्रम तोच आहे: आधी पाण्यात लोटणे, मग चाचणी, मग काम. हा क्रम मोडल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेले ‘वासा’ नावाचे युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासाला निघाले आणि स्टॉकहोमच्या बंदरातच, दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या झोताने कलून बुडाले. विशेष म्हणजे निघण्याआधी त्याच्या डेकवरून खलाशांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळवून पाहिले होते आणि जहाज इतके हेलकावू लागले की ती परीक्षा अर्ध्यावर थांबवावी लागली. तरीही ते निघाले, कारण राजाला घाई होती. माझ्या सासऱ्यांनी ‘वासा’चे नाव ऐकले नव्हते, पण त्यांची परीक्षा तीच होती, आणि तिचा निकाल ते मानत असत.

आता नावाविषयी थोडे, कारण नामकरणाचा खरा उपयोग दर्यातच कळतो. नौकेची नोंदणी झाली की नाव आणि नोंदणी क्रमांक तिच्या अंगावर ठळक रंगवावे लागतात, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आल्यापासून या बाबतीत तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अधिक काटेकोर झाले, ते योग्यच आहे. पण नाव ठेवताना आपण एक गोष्ट विसरतो. आमच्या परिसरातल्या बंदरांत ‘जय एकवीरा’, ‘धनलक्ष्मी’, ‘आई माउली’ या नावांच्या बोटी मोजायला बसले तर दिवस जाईल. देवीचे नाव घ्यावे, जरूर घ्यावे. मात्र अंधारात, वाऱ्यात, वायरलेसवर खरखर चालू असताना कोणी ‘एकवीरा, एकवीरा’ अशी हाक मारली, तर नेमक्या कोणत्या बोटीने उत्तर द्यायचे? आमच्या आत्याबाईंनी देवीच्या नावाला गावाचे नाव जोडून घेतले, त्यावर तेव्हा भावकीत नाराजी झाली होती. चाचणीच्या फेरीत वायरलेसवरून किनाऱ्याला आपल्याच नावाने हाक मारून उत्तर येते का पाहिले, तर नाव कसे ऐकू जाते हेही आपोआप कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथील कार्यक्रमात केंद्र सरकारने देशभरातल्या एक लाख यांत्रिक व मोटर नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉण्डर बसवण्याची योजना सुरू केली. मोबाइलची रेंज संपल्यावरही संकटाचा संदेश किनाऱ्यापर्यंत पोहोचवणारे हे उपकरण आमच्यासाठी मोलाचे आहे, पण त्याची कळ कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला ठाऊक हवे, आणि ते ठाऊक करून देण्याची वेळ पहिल्या वादळाच्या आधीची असते.

आणखी एक गोष्ट विषयाच्या कडेची असली तरी सांगते. नामकरणाच्या छायाचित्रांत बायका पुढे असतात. बोटीला नाव देतात त्या, ओटी भरतात त्या, आणि म्हावरे बाजारात नेऊन हप्ता उभा करतात त्याही. पण बोट केव्हा सोडायची, या चर्चेच्या वेळी त्या स्वयंपाकघरात असतात. जी आत्या बोटीचे नाव घेते, तिला ‘आज बोट सोडू नका’ असे म्हणण्याचाही अधिकार असावा. तो एकदा दिला की निम्म्या घायकुत्या आपोआप थांबतील, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य मागणी. चाचणी जुलैच्या अखेरीस का होत नाही, याचे एक साधे कारण आहे. बंदी मासेमारीला आहे, पण आमच्या भागात तिचा अर्थ व्यवहारात असा लावला जातो की, यांत्रिक नौकेने ३१ जुलैपर्यंत जागची हलूच नये. बोट हलताना दिसली तर चोरून मासेमारी केल्याचा संशय येतो, दंडाची भीती असते, आणि मग नव्या बोटीचे इंजिन पहिल्यांदा पाण्यात चालू होते ते थेट १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरी. मत्स्यव्यवसाय विभागाने यावर तोडगा काढणे अवघड नाही. नव्याने नोंदणी झालेल्या नौकेला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, हवामान खात्याचा इशारा नसलेल्या दिवशी, खाडीच्या आतल्या शांत पाण्यात, दिवसाउजेडी आणि जाळ्यांविना चाचणीसाठी परवानगीचा एक कागद द्यावा. बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांची नोंद ठेवणारे सुरक्षा रक्षक बोटीवर जाळी नाहीत याची खात्री करतील आणि सुटल्याची व परतल्याची वेळ लिहून घेतील. हंगाम सुरू झाल्यावर उघड्या समुद्रातली एक फेरी अशीच नोंदवली जावी आणि त्या दोन नोंदी असल्याशिवाय नव्या नौकेला पहिल्या मासेमारीसाठी सोडू नये. नवी कार्यालये, नवे अर्ज किंवा नवे शुल्क यांची मागणी मी करत नाही. आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या जुन्या तांडेलांपैकी एक जण आणि एक मिस्त्री चाचणीला बरोबर गेले, तर त्यांची सही पुरेशी मानावी.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून सवलती काय आणि किती मिळतील, याची चर्चा कोळीवाड्यांत पुष्कळ चालते. त्या चर्चेत नव्या नौकेच्या पहिल्या आठवड्याचाही विचार व्हावा. ज्या बँका आणि सहकारी संस्था नौकेसाठी कर्ज देतात, त्यांनी पहिला हप्ता नारळी पौर्णिमेनंतरच्या महिन्यापासून सुरू केला, तर घाईचे मोठे कारण उरणार नाही. बोटीचा विमा उतरवणाऱ्यांनाही यात रस असायला हरकत नाही.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. पुढच्या हंगामात नामकरणाची छायाचित्रे अवश्य छापावीत, आम्हाला ती कात्रणे जपून ठेवायला आवडतात. पण छायाचित्राखाली नौका किती तासांत रवाना झाली हे लिहिण्याऐवजी तिची चाचणीची फेरी कधी आणि कुठवर झाली, हे वार्ताहराने विचारून लिहावे. आमच्याकडे आपला अंक धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत सकाळी मोठ्याने वाचला जातो. त्या एका ओळीवरून कोणत्या घरी फेरी झाली आणि कोणत्या घरी नाही, हे त्याच वेळी साऱ्या बंदराला कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
नाखवा कुटुंबातील एक वाचक,
ता. अलिबाग, जि. रायगड